हिरव्या फायलीवरच्या सह्या

आमच्या ग्रंथालयाच्या वाचन कक्षात चाळीस खुर्च्या आहेत. त्यातली एक सोमवारी भरायची. बाकीचे दिवस मी आणि पंखे.

मी ग्रंथपाल. परभणीत, शेती आणि जनावरांचं शिक्षण देणाऱ्या एका संस्थेत माझी सगळी नोकरी गेली. माझ्या नाकावर राग असतो असं इथं सगळे म्हणतात आणि ते खोटं नाही. पण राग काढायलाही समोर माणूस लागतो. गेल्या काही वर्षांत मला तोही मिळेना झाला. माझा मदतनीस निवृत्त झाला, त्याची जागा कुणी भरली नाही. घरी मी एकटीच. लग्न झालं नाही, आणि का झालं नाही ते सांगण्यासारखं काही नाही. भाऊ वालूरला शेती बघतो, पोळ्याला आणि दिवाळीला फोन करतो. "बरी हायेस ना?" म्हणतो. मी "बरी आहे" म्हणते. झालं.

पूर्वी असं नव्हतं. संशोधनाची जर्नलं टपालानं यायची, खाकी पाकिटात. मी पाकीट फोडायची, पहिल्या पानावर तारखेचा शिक्का मारायची आणि दाराजवळच्या लाकडी मांडणीवर अंक लावायची. टपाल आल्याचं कसं कोण जाणे, सगळ्यांना कळायचं. प्राध्यापक मंडळी चहा अर्धा टाकून यायची. एका अंकावर दोघांचे हात पडले की मी मधे पडायची. कुणी मोठ्यानं बोललं की मी टेबलावर पट्टी आपटायची. तेव्हा मला वाटायचं, ही माणसं कधी एकदा जातात आणि मला शांतता मिळते. अशुभ मनातसुद्धा आणू नये म्हणतात ते उगाच नाही.

मग पॅकेज आलं. एका मोठ्या प्रकाशन कंपनीनं सांगितलं, तुम्ही आमची वीसेक जर्नलं घेता, ती सुटी सुटी घेतलीत तर महाग पडतील. त्यापेक्षा आमची सगळीच्या सगळी घ्या, तीन वर्षांचा करार करा, थोडेच जास्त द्यावे लागतील. कागद येणार नाही. कॉम्प्युटरवर दिसेल, आणि ज्याला लॉगिन आहे त्याला आपापल्या खोलीत बसून वाचता येईल. आम्ही घेतलं. घेतल्यावर मी यादी वाचली. त्यात दातांच्या डॉक्टरांची जर्नलं होती, खोल समुद्रातल्या माशांची होती, विमानाच्या पात्यांवर एक होतं. परभणीत आम्ही समुद्र कुठून आणावा? एक ना धड भाराभर चिंध्या, असं मी तेव्हाच्या बैठकीत म्हणालेसुद्धा. सगळे हसले आणि करारावर सही झाली.

त्यानंतर मांडणी रिकामी झाली. हळूहळू कक्षही रिकामा झाला. कुणाचंच चुकलं नाही त्यात. खोलीत बसून मिळतंय तर तीन जिने उतरून माझी बोलणी खायला कोण येईल?

राहिली एक हिरवी फाईल. तिची गोष्ट अशी की सुरुवातीला आमच्याकडं इंटरनेट रांगायचं. एक लेख उघडेपर्यंत माणूस पान खाऊन यायचा. तेव्हा शेळ्या-मेंढ्यांच्या आजारांवरचं एक जर्नल होतं, त्याची चौकशी फार असायची. आमच्या भागात मेंढरं भरपूर. मी काय करायची, नवा अंक आला की त्यातले आपल्या उपयोगाचे चार-पाच लेख एकदाच छापून हिरव्या फायलीत लावायची. ज्याला पाहिजे त्यानं यावं, इथं बसून वाचावं, नाहीतर झेरॉक्स काढून न्यावी. फायलीच्या आतल्या बाजूला मी एक आखलेला तक्ता डकवला होता. तारीख, लेख, सही. अंक हाताळला की सही करायची हा आमच्याकडचा जुना शिरस्ता, मी तो फायलीला लावला. पुढं इंटरनेट सुधारलं. फाईल मात्र चालूच राहिली. विभागातले लोक म्हणायचे, "फायलीत आहे की, कशाला उघडत बसायचं?" आयतं मिळत असलं की माणूस हात हलवत नाही.

आणि मीही कुणाला सांगितलं नाही की आता तुमचं तुम्ही उघडा. सांगितलं असतं तर तेवढेही आले नसते.

सोमवारचा माणूस म्हणजे डॉक्टर. जनावरांचे डॉक्टर, ताडकळसकडच्या एका दवाखान्यात नोकरीला. वय चाळिशीच्या आत-बाहेर. मेंढरं राखणाऱ्या घरातला माणूस. भाऊ अजून मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतात, हा एकटा शिकला. नोकरी सांभाळून आमच्याकडं पीएचडीला नाव घातलं होतं. विषय होता गाभण मेंढ्या गाभ टाकतात त्याचा. पहिल्यांदा आले तेव्हा मी नेहमीप्रमाणे खेकसले, "चपला बाहेर काढा." चपला काढायची पद्धत आमच्याकडं कधीच नव्हती. पण त्यांच्या चपलांना इतका चिखल होता की मला राहवलं नाही. ते निमूट काढून आले आणि म्हणाले, "म्याडम, मेंढराच्या रोगाचं पुस्तक येतंय म्हणं तुमच्याकडं."

मी फाईल दिली. ते खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले आणि बोट ओळीवर ठेवून वाचायला लागले. अर्ध्या तासानं उठून आले. "लय अवघड इंग्रजी हाय बगा. ह्या शब्दाचा अर्थ काय होतोय?" शब्द साधाच होता, रोजच्या इंग्रजीतला. रोगांची लांबलचक नावं त्यांना तोंडपाठ, अडायचे ते असल्या शब्दांवर. मी अर्थ सांगितला. त्यांनी पेन्सिलीनं बारीक अक्षरात वहीत लिहून घेतला. त्या दिवशी त्यांनी मला एकूण अकरा शब्द विचारले. घरी गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आज घसा दुखतोय. बोलल्यामुळं.

मग दर सोमवारी. सोमवारी त्यांच्याकडं दुसरे डॉक्टर असायचे, यांना सवड मिळायची. कधी बसनं, कधी मोटरसायकलवर. पिशवीत काहीतरी असायचंच. दसऱ्याच्या आसपास काकडीसारखी वाळकं, थंडीत हुरडा, एकदा नुसत्या शेवग्याच्या शेंगा. मी म्हणायची, "ग्रंथालयात भाजीबाजार भरवू नका." ते म्हणायचे, "तुमीच तर म्हणल्या गेल्या बारीला, चांगल्या शेंगा मिळत न्हाईत म्हणून." दोन वाजता मी डबा उघडायची. पहिले काही आठवडे ते बाहेर झाडाखाली जाऊन खायचे. मग मीच एकदा चिडून म्हणाले, बाहेर काय पंगत बसलीय का? तेव्हापासून माझ्या टेबलाच्या त्या बाजूला बसून खायला लागले. म्याडमची आक्का कधी झाली ते मला आठवत नाही.

पॅकेजबद्दलचा माझा राग त्यांना पाठ झाला होता. एकदा मी समुद्रातल्या माशांवरून तोंड सोडलं होतं तेव्हा ते हसून म्हणाले, "आक्का, आमच्या बाजारात वांग्याचा वाटा मांडत्यात बगा. वर चार ताजी, खाली दोन किडकी. निवडायला लागलं की बाई हातावर मारती. घ्यायचा तर समदा वाटा घ्या. तुमची कंपनी तीच हाय." मग मला विचारलं, "आन बाजारात मग आपण काय करतो?"

"काय करतो?"

"उठून चालाय लागतो. चार पावलं गेलो की बाई हाक मारती."

हे मी लक्षात ठेवलं.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला मला लाज वाटते, पण ते न सांगता पुढं जाता येत नाही. डॉक्टर नोकरी करून शिकणारे, म्हणून त्यांना लॉगिन आपोआप मिळालं नव्हतं. तसल्या विद्यार्थ्यांसाठी एक फॉर्म असतो. त्यावर मार्गदर्शकाची सही, मग माझी, मग प्राचार्यांची. डॉक्टरांनी तो फॉर्म मार्गदर्शकाची सही घेऊन मला आणून दिला होता. मी म्हणाले, "ठेवा, बघते." प्राचार्य त्या आठवड्यात बाहेरगावी होते, हे खरं. नंतर ते आले, हेही खरं. फॉर्म माझ्या खणात राहिला. आज करू, उद्या करू. आणि एका सोमवारी ते गेल्यावर मी खण उघडला, फॉर्म बघितला आणि मला स्वच्छ कळलं की मी हा देणार नाही. लॉगिन मिळालं की हा माणूस ताडकळसला बसून वाचेल. कशाला येईल मग इथं, पस्तीस-चाळीस किलोमीटर, एका खेकसणाऱ्या बाईकडं?

काही महिन्यांनी त्यांनी एकदाच विचारलं, "आक्का, त्या फॉर्मचं काय झालं हो?" मी म्हणाले, "वर अडकलाय. सही व्हायचीय." त्यांनी मान हलवली. पुन्हा विचारलं नाही. माझ्यावर विश्वास होता त्यांचा, म्हणून विचारलं नाही. विश्वास नसता तर बरं झालं असतं, असं मला नंतर फार वेळा वाटलं.

त्यानंतर पॅकेजचा चालू करार संपत आला. मधल्या काळात प्राचार्य बदलले होते. नवे हिशेबी होते आणि मला ते आवडायचे, कारण ते माझं ऐकून घ्यायचे. ते म्हणाले, "मॅडम, हे सगळं गाठोडं आपल्याला झेपत नाही. तुम्ही वापराचा अहवाल काढा. जे वाचलं जातं तेवढंच घेऊ. वीस नावं द्या."

मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. इतक्या वर्षांचं वैर फेडायची वेळ आली होती. कंपनी दरवर्षी एक अहवाल पाठवते. कोणतं जर्नल किती वेळा उघडलं गेलं, नावासमोर आकडा. मी तो छापला, पट्टी आणि लाल पेन घेतलं आणि शून्यवाल्यांवर रेघा मारत सुटले. दातांवर रेघ. समुद्रावर रेघ. विमानावर तर मी दोनदा मारली. मग शून्य संपले आणि छोट्या आकड्यांचे सुरू झाले. तिथं माझं पेन थांबलं. शेळ्या-मेंढ्यांचं जर्नल तिथं होतं. वर्षभरात जेमतेम चाळीस-पन्नासदा उघडलेलं, वरच्यांचे आकडे शेकड्यांत.

मला आधी वाटलं छपाईत चूक आहे. मग घोडं कुठं पेंड खातंय ते कळलं. कंपनीचं यंत्र मोजतं ते कॉम्प्युटरवर उघडलेलं. माझ्याकडं प्रत्येक लेख उघडायची मी, एकदाच. पुढं वाचायची सगळी माणसं, फायलीतून. या इमारतीत सगळ्यात जास्त हाताळलेलं जर्नल कंपनीच्या लेखी कुणी वाचतच नव्हतं. आणि सोमवार-सोमवार त्यावर बोट फिरवणारा माणूस त्या यंत्राच्या लेखी नव्हताच. कारण त्याला मी लॉगिन दिलं नव्हतं.

डॉक्टरांचा शेवटचा धडा लिहायचा राहिला होता. मुदत पुढच्या वर्षी संपत होती आणि मार्गदर्शकांनी बजावलं होतं की अलीकडच्या लेखांचा आधार नसेल तर प्रबंध पुढं जाणार नाही. ते जर्नल गेलं तर त्यांची इतक्या वर्षांची मेहनत लटकणार. मी त्या सोमवारी त्यांना यातलं काही बोलले नाही. त्यांनी वाळकं आणली होती. मी ती चिरली, मीठ लावलं, आणि सगळ्या फोडी त्यांच्याकडं सरकवल्या.

वीस नावांची यादी करताना मी लबाडी करून ते जर्नल घुसडू शकले असते. पण यादी ग्रंथालय समितीपुढं जाणार, तिथं प्रत्येक विभागाचा माणूस, प्रत्येकाचं लक्ष आकड्यावर. पीकशास्त्रवाल्यांचं मोठ्या आकड्याचं जर्नल काढून हे कसं ठेवलं, असं कुणीतरी विचारणारच. यादी आकड्याप्रमाणंच झाली. विसाव्या नावाला माझं स्वतःचं जर्नल होतं, ग्रंथालयशास्त्राचं. त्याचा आकडा बरा होता. आपल्या टेबलावर बसून मीच ते उघडायची, रोज.

कंपनीचा प्रतिनिधी आधी स्क्रीनवर बोलला. पुण्याचा गोड बोलणारा माणूस. त्यानं सुट्या वीस जर्नलांची जी किंमत सांगितली ती जवळजवळ सगळ्या गाठोड्याएवढीच होती. "मॅडम, तुम्ही विचार करा. त्याच किमतीत सगळं मिळत असताना वीसच का घ्यायची?"

प्राचार्य माझ्याकडं बघायला लागले. मी म्हणाले, "मग राहू द्या. आम्हाला काहीच नको." आणि स्क्रीन बंद केली. प्राचार्यांचा चेहरा पडला. "मॅडम, अहो, सगळंच बंद झालं तर पोरं आपल्याला खातील." मी म्हणाले, "सर, चार पावलं चालू. हाक येईल." वरवर मी शांत होते. आतून पाचावर धारण बसली होती. पंधरा दिवस फोन वाजला नाही. सोळाव्या दिवशी वाजला. तो स्वतः परभणीला येतो म्हणाला.

बैठक प्राचार्यांच्या खोलीत झाली. आम्ही तिघंच. प्रतिनिधी प्रवासानं दमला होता, किंमत पुष्कळ खाली आली होती, चहा आला होता. सगळं सुरळीत चाललं होतं. यादीवर सही करायची तेवढी बाकी. आणि मी पिशवीतून हिरवी फाईल काढून टेबलावर ठेवली.

म्हणाले, "हे एक जर्नल यादीत नाही. पण ते वाचलं जातं. हातच्या कांकणाला आरसा कशाला, या सह्या बघा."

तक्त्यावर तक्ते डकवून फायलीचं झाकण जाड झालं होतं. प्रतिनिधीनं ते उलटून पाहिलं. तो मन लावून बघत होता, आणि मला वाटलं, जिंकलं. मग त्यानं एका सहीवर बोट ठेवलं. "ही एक सही सगळीकडं आहे. दर आठवड्याला. हे कोण?"

"आमचे संशोधक आहेत. ताडकळसहून येतात."

"लॉगिन असलेल्यांच्या यादीत आहेत?"

मी झाकणावरचा तक्ता हातानं सारखा केला.

"मॅडम, बाहेरचा माणूस इथं बसून वाचून गेला तर करारात चालतं. पण झेरॉक्स घेऊन गेला तर नाही चालत." तो वाईट माणूस नव्हता. उलट तोच ओशाळला होता. पण हात दाखवून अवलक्षण म्हणतात तसं झालं होतं. ज्या माणसासाठी फाईल आणली, त्यालाच मी त्याच फायलीनं चोर ठरवून बसले.

प्राचार्य म्हणाले, "बाहेरचे कसे? आपल्याकडं पीएचडीला आहेत ना ते? मग लॉगिन का नाही त्यांना? फॉर्म भरला नाही का त्यांनी?"

इथं मला सुटता आलं असतं. हो म्हणायचं, नाही भरला, विसरले असतील. एवढंच. कुणी तपासलं नसतं.

मी म्हणाले, "भरला होता, सर. दोन वर्षं झाली. माझ्या खणात आहे."

"खणात? का?"

"मी पुढं पाठवला नाही."

"का पण?"

आता याचं उत्तर काय द्यायचं? नोकरीत कसं वागावं याचे नियम असतात, त्यात एकटं वाटण्यावर काही लिहिलेलं नसतं. मी म्हणाले, "ते आले की ग्रंथालयात कुणीतरी असायचं, सर." एवढंच बोलले आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. इतक्या वर्षांत मी त्या खोलीत भांडले होते, दार आपटलं होतं, रडले मात्र कधी नव्हते. प्रतिनिधीनं आपला चहा उचलला आणि खिडकीबाहेर बघत पिऊ लागला. चहा केव्हाच गार झाला होता.

प्राचार्यांनी फाईल मिटून माझ्याकडं सरकवली. मग म्हणाले, "फॉर्म घेऊन या."

मी जिने उतरून गेले, खण उघडला, फॉर्म घेतला, जिने चढून आले. कागद कडांना पिवळा पडला होता. मी त्यांच्या समोर माझी सही केली, त्यांनी त्यांची केली. रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

जर्नलाचं अजून व्हायचं होतं. प्रतिनिधी म्हणाला, विसाच्या वर एक दिलं तर त्याला वर उत्तर द्यावं लागेल. अदलाबदल करायची तर तो लगेच करून देईल. मी यादी ओढली आणि विसाव्या नावावर रेघ मारली. "हे माझं आहे. मीच वाचते. काढा." त्यानं शेळ्या-मेंढ्यांचं नाव तिथं लिहून घेतलं. माझ्या धंद्याचं ते एकच जर्नल परभणीत येत होतं. त्या क्षणी मला त्याचं काही वाटलं नाही. आता वाटतं.

सोमवारी डॉक्टर आले. मी लॉगिनचा कागद टेबलावर ठेवला आणि बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. फॉर्म कुठं होता, किती दिवस होता, मी काय खोटं बोलले. ते उभेच होते. पिशवी हातातच होती. मला वाटलं आता हा माणूस माझ्यावर ओरडणार, आणि ओरडावं असंच मला वाटत होतं. दोन वर्षं दर आठवड्याला याला मी उन्हातान्हात पळवलं.

ते खुर्चीवर बसले. कागद वाचला. घडी घालून खिशात ठेवला. आणि खाली बघत म्हणाले, "आक्का, एकडाव म्हणायचं तरी. मी तसाबी आलो असतो की."

मी उठून कॉम्प्युटर लावला आणि त्यांना शिकवायला बसले. पासवर्ड कसा टाकायचा, अंक कुठं दिसतात, लेख उतरवून कसा घ्यायचा. डॉक्टरला शिकवायला कितीसा वेळ लागणार? दुपारच्या आत त्यांना सगळं यायला लागलं. शेवटी त्यांनी एक लेख आपला आपण उघडला आणि पोरासारखे माझ्याकडं बघून हसले. त्या दिवशी डबा आम्ही एकत्रच खाल्ला.

पुढचे दोन सोमवार ते आले. तसाबी आलो असतो म्हणाले होते, शब्द पाळला. मग एका सोमवारी फोन आला की लसीकरण सुरू झालंय, गावोगाव फिरावं लागायलंय. मग प्रबंध लिहायचं काम, रात्री घरी बसून. मग धाकट्या भावाचं लग्न. मी लग्नाला गेले नाही, पत्रिका आली होती. प्रबंध सादर झाला त्या दिवशी पेढे घेऊन आले, घाईत होते, बाहेर मोटरसायकल चालूच ठेवली होती. "आक्का, येतो निवांत एकदा." मी म्हणाले, "या. आणि गाडी बंद करत जा, इथं लोक वाचतात." ते हसले. कक्षात कुणी नव्हतं.

मी त्यांना दोष देत नाही. ज्या दिवशी फॉर्म खणात ठेवला त्या दिवशीच हे असं होणार हे मला माहीत होतं. म्हणून तर ठेवला होता.

कंपनीचा अहवाल आता मी आपणहून काढते, वर्षाची वाट बघत नाही. शेळ्या-मेंढ्यांच्या नावासमोरचा आकडा वर चढला आहे. आकड्याचं कारण मी विभागात सांगितलं, तेव्हापासून फायलीतून वाचणारी सगळीच मंडळी आपापलं उघडायला लागली. पुढच्या कराराला ते जर्नल कुणी काढू शकणार नाही. त्या आकड्यात डॉक्टर किती ते कळत नाही, अहवालात माणसांची नावं नसतात. मी तरी तो आकडा बघत बसते.

आज सोमवार. नवा अंक आला होता. मी सवयीनं त्यातले चार लेख छापले, भोकं पाडली आणि हिरव्या फायलीत लावले. आतल्या बाजूला नवा तक्ता डकवून तारीख घातली. संध्याकाळपर्यंत कुणी आलं नाही. मग मीच फाईल घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीवर बसले आणि ओळीवर बोट ठेवून गाभ टाकणाऱ्या मेंढ्यांबद्दल वाचायला लागले. इंग्रजी मला येतं. रोगांच्या नावांवर अडले. तीन-चार शब्द विचारायचे होते, ते पेन्सिलीनं कागदावर उतरवून घेतले. सहा वाजता पंखे बंद केले, दिवे बंद केले. निघताना शिरस्ता आठवला, परत आले, आणि तारखेपुढं सही केली.